टाईम टीम बघून आपल्या गावचा इतिहास शोधायचाय? कुदळ घरीच ठेवा

टाईम टीम ही ब्रिटनची सिरीयल, 1994 ला चॅनल फोरवर सुरू झाली, एका जागेला फक्त तीन दिवस द्यायचे आणि तेवढ्यात जमिनीखाली काय दडलंय ते शोधायचं. भाग यूट्यूबवर आहेत, जरूर बघा. खरं कुदळ मारायच्या आधी ते लोक काय करतात तिकडं लक्ष द्या, जुने नकाशे काढतात, शेतातनं फिरतात, मशीन लावून जमीन तपासतात. मशीन सोडलं तर बाकी सगळं आपल्याला बेळगाव, खानापूर, निपाणीकडं जमतंय. खोदायचं मात्र नाहीच, परवानगी लागते, संरक्षित जागेत तर सरळ गुन्हा आहे, आणि मातीचे थर एकदा हलले की कुठली वस्तू कुठल्या काळातली ते परत कळत नाही.

आधी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, जुनी पांढर, म्हणजे पूर्वी गाव वसलेली जागा, कुठं होती. नांगरट झाली की त्या शेतात मालकाला विचारून चाला, खापराचे तुकडे वर आलेले दिसतील. शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, सर्व्हे नंबर लिहा, तुकडा तिथंच ठेवा. बेळगावला लागून वडगाव-माधवपूरला उत्खननात सातवाहन काळातली वस्ती सापडलीय, म्हणून साधं खापर बघून नाक मुरडू नका.

मग देवळाकडं या. मारुतीच्या देवळाबाहेर शेंदूर फासलेला दगड असतो, बऱ्याचदा वीरगळ असतो तो, म्हणजे लढाईत मेलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. खालनं वर वाचायचा, खाली लढाई, मधी अप्सरा वीराला घेऊन चालल्यात, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि डोक्यावर चंद्र-सूर्य. जत्रा आली की त्यावर ऑइल पेंट मारतात, कोरीवकाम बुजून जातं, फार वाईट वाटतं बघून, म्हणून पंच मंडळींशी आधीच बोला.

अक्षरं दिसली तर खडू, तेल, तारेचा ब्रश काही लावू नका. सकाळी उन्हं तिरकी असताना, नाहीतर अंधार पडल्यावर बाजूनं बॅटरी मारून फोटो घ्या, झिजलेली अक्षरं उठून दिसतात. आपल्या भागातले बरेच शिलालेख जुन्या कन्नडात आहेत, खानापूरकडची हलशी कदंब राजांची, बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी (जैन मंदिर) रट्ट राजांच्या काळातली, 1204 ची, तेव्हा शाळेतल्या कन्नड सरांना सोबत घ्याच. त्यांनाही लागलं नाही तर धारवाडला कर्नाटक विद्यापीठाच्या कन्नड संशोधन संस्थेत फोटो दाखवा, दगडाची लांबी-रुंदी आणि तो नेमका कुठं आहे ते लिहून न्या.