सोयाबीन हिरवंगार, पण गाठी काम करतायत का? मोजताना या चुका टाळा

स्पॅड मीटर पानाला चिमटा लावून 650 नॅनोमीटरचा लाल आणि 940 चा अवरक्त प्रकाश किती आरपार जातो ते बघतो आणि हरितद्रव्याचा, म्हणजे पर्यायाने पानातल्या नत्राचा, अंदाज देतो. पान तोडायचं नाही, रोप उपटायचं नाही. म्हणून मला हे साधन मनापासून आवडतं. पण पानातलं नत्र मुळांवरच्या गाठींनी (त्यातल्या जिवाणूंनी) हवेतून घेतलं की युरियाच्या पोत्यातून आलं, हे त्याला कळत नाही.

आपल्या निपाणी-चिक्कोडीकडे सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. युरिया सढळ हाताने पडला की आकडा चढतो. आयतं नत्र मिळालं की रोप गाठी कमी धरतं, म्हणजे आकडा उत्तम आणि स्थिरीकरण, म्हणजे हवेतलं नत्र धरण्याचं काम, मंद! त्यासाठी शेताच्या कडेला दोन-तीन ओळींना मुद्दाम भरपूर नत्र द्या. युरिया न दिलेल्या पिकाचा आकडा त्या ओळींइतकाच आला, तर पिकाला नत्राची चणचण नाही, एवढंच समजा. हवेतला नेमका वाटा काढायला संशोधक गाठीच न धरणारं सोयाबीन शेजारी लावून तुलना करतात.

दुसरी चूक चुनखडीच्या काळ्या रानातली. पावसाने पाणी साचलं की शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. नत्र कमी पडलं तर पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो. मीटर दोन्हीकडे कमीच आकडा दाखवतो, म्हणून आधी डोळ्यांनी बघा.

पान दरवेळी एकाच जागचं घ्या: वरून पहिलं पूर्ण उघडलेलं, मधली शीर टाळून, कोरडं. वीस-तीस रोपांची सरासरी काढा. बेळगावी मसुराचं पान बारीक, तिथे मीटरची खिडकी पूर्ण झाकली गेली का ते तपासा. दोन वाणांचे आकडे एकमेकांशी ताडू नका.

ड्रोनच्या एनडीव्हीआय (हिरवेपणा आकड्यात सांगणाऱ्या) नकाशात पीक लहान असताना मातीच जास्त दिसते. खानापूरची तांबडी माती आणि बैलहोंगलची काळी यांचे आकडे म्हणूनच जुळत नाहीत. पीक दाटल्यावर आकडा वर जाऊन अडकतो, आणि तणही हिरवंच दिसतं.

गाठी बघायच्या तर पेरणीनंतर साधारण पंचेचाळिसाव्या दिवशी चार-पाच रोपांचा बळी द्यावाच लागतो. हिसकून उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. वाफसा असताना कुदळीने मातीच्या गड्ड्यासकट काढा, पाण्यात भिजवून धुवा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर ती काम करतेय; पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.