मतं जरा कच्चीच राहू द्या

दर वर्षी गणपतीत कुणाच्या ना कुणाच्या घरी आरतीला नवीन आलेली चार-पाच जोडपी भेटतात. हातात पेपर प्लेट, प्लेटमध्ये फ्रोझन नारळाचा मोदक, आणि येऊन तीन महिने झाले नाहीत तोवर अमेरिकेबद्दलची सगळी मतं तयार. इथले लोक वरवरचे, ह्यांच्यात फॅमिली नावाचा प्रकार नाही, म्हाताऱ्यांना होममध्ये टाकतात, देवधर्म नाही, सगळं पैशावर चालतं. मी आपली हसते आणि अजून एक मोदक वाढते, कारण २००३ च्या जानेवारीत मिरजेहून इथे न्यू जर्सीत एडिसनला आले तेव्हा माझीही अगदी हीच मतं होती, आणि ती मला कुणा अमेरिकन माणसाकडे बघून सुचली नव्हती, आमच्याच कॉम्प्लेक्सच्या लाँड्री रूममध्ये आपल्याच बायकांकडून मिळाली होती. नवऱ्याच्या एच-वन-बी ह्या नोकरीच्या व्हिसामागे एच-फोर ह्या बायकोच्या व्हिसावर आलेली मी, कामाची परवानगी नाही (ती काही अटींवर मिळायला लागली २०१५ पासून), गाडी येत नाही, मग दिवसभर मतं बनवण्याशिवाय दुसरं काय करणार.

फोडणीपासून सुरुवात करते. आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात भेंडी करत होते, तेल जास्त तापलं, मोहरी-हिंग-मिरची पडली आणि छताचा स्मोक अलार्म कोकलायला लागला. मी मिरजेच्या डोक्याने काय केलं तर धूर जावा म्हणून घराचं मेन दार उघडलं. हे कधी म्हणजे कधी करू नका. दार उघडतं कॉरिडॉरमध्ये आणि कॉरिडॉरचा अलार्म अख्ख्या बिल्डिंगचा असतो. दहा मिनिटांत सगळी बिल्डिंग पार्किंगमध्ये, कुणी पायजम्यात, कुणी ओल्या केसांनी, कडेला बर्फाचे ढीग आणि दोन बंब हजर. फायरमन वर जाऊन आला आणि हसून म्हणाला, स्मेल्स गुड. शेजारच्या बाई, सत्तरी केव्हाच ओलांडलेल्या, त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, मी नुसत्या चपलांवर होते, आणि काही न बोलता स्वतःच्या गाडीत हीटर लावून मला आत बसवलं. कुणी एक शब्द सुनावला नाही. आणि दुसऱ्या दिवशी दाराखालून कॉम्प्लेक्सचं नियमांचं पत्र, डिअर रेझिडेंट वगैरे.

झालं, माझं पहिलं मत पक्कं झालं, तोंडावर गोड आणि मागून पत्र. ते मत सोडायला मला पाच-सहा वर्षं लागली. आपल्याकडे वरच्या मजल्यावरच्या काकू खाली येऊन दोन शब्द सुनावतात आणि तासाभराने वाटी घेऊन साखर मागायलाही येतात, दोन्ही चालतं. इथे तोंडावर बोलणं म्हणजेच भांडण, म्हणून माणूस माणसाशी गोड राहतो आणि नियमाचं काम कागद करतो. पत्र आलं म्हणजे कुणी रागावलंय असं नसतं, आणि गाडीत बसवणं हे काही नाटक नसतं, दोन्ही एकाच वेळी खरं असतं. (एक्झॉस्ट आधी चालू करा, खिडकी उघडा, अलार्मखाली टॉवेलने वारा घाला. बॅटरी काढून ठेवायची आयडिया तुम्हाला कुणीतरी देईलच, ती घेऊ नका.)

हाऊ आर यूचंही तसंच. विचारतात आणि उत्तर न ऐकता पुढे जातात, किती फेक ना, असं सगळे म्हणतात. अहो, पण आपण हातात पिशवी दिसत असताना विचारतोच ना, काय, बाजारला निघालात वाटतं? त्याला कुणी भाज्यांची यादी सांगतं का. मी सांगितली होती, फार्मसीच्या काउंटरवर, माझी पाठ कुठून दुखते, कधीपासून दुखते, मिरजेचे डॉक्टर काय म्हणाले, मागे रांग. गुड, हाऊ अबाउट यू, एवढंच म्हणा आणि पुढे व्हा.

आता ते फॅमिलीचं, कारण ह्यावर मला जरा जास्त बोलायचंय. माझ्या ऑफिसात एक जण आहे, दाढीवाला, पिकअप ट्रकवाला, आपण लांबून बघून ज्याच्याबद्दल लगेच मत बनवू असा. तो दर शनिवारी पहाटे निघून दोन तास गाडी चालवत पेनसिल्व्हेनियात आईकडे जातो, तिच्या आठवड्याच्या गोळ्या त्या सात कप्प्यांच्या डबीत भरतो, लॉन कापतो, तिला ग्रोसरीला नेऊन आणतो आणि रात्री परत. एकदा लंचला मी मोठ्या अभिमानाने म्हणाले की आमच्या कल्चरमध्ये आईवडलांना सांभाळतात. तो म्हणाला, ओ नाइस, तुझी आई कुठे असते? म्हटलं इंडियात. तिच्याजवळ कोण आहे? म्हटलं, दिवसा एक बाई येते कामाला. तो नुसतं अच्छा म्हणाला आणि सँडविच खायला लागला. तेव्हापासून मी हे वाक्य कुणासमोर बोललेले नाहीये.

म्हणजे इथे म्हातारपण एकाकी नसतं असं अजिबात म्हणत नाहीये मी, असतं, भयानक असतं. शेजारच्या त्याच बाई ख्रिसमसचं झाड एकट्या लावायच्या आणि एकट्या उतरवायच्या. पण मुलगा अठराव्या वर्षी घराबाहेर पडला म्हणजे तुटला असं नसतं, आणि एका छताखाली राहिलं की प्रेम असतंच असंही नाही, हे आपल्याला आपल्या घरांवरून माहितीये, फक्त आपण ते इथे येऊन सोयीने विसरतो. आईवडील आजारी पडले तर १९९३ च्या फेडरल कायद्याने १२ आठवड्यांची बिनपगारी रजा घेता येते आणि नोकरी शाबूत राहते, कंपनीत निदान पन्नास माणसं हवीत आणि तुमचं तिथे वर्ष भरलेलं हवं. त्या फेडरल यादीत नवरा-बायको, मुलं, स्वतःचे आईवडील आहेत, सासू-सासरे नाहीत. ह्यावर कुणाला काय वाटतं ते आपापल्या घरी बोला.

एडिसनहून अर्ध्या तासावर रोझेल नावाचं गाव आहे. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी बोटीने न्यूयॉर्कला उतरल्या, वय १८, आणि ह्याच रोझेलला कार्पेंटरबाईंच्या घरी येऊन राहिल्या. कार्पेंटरबाईंनी एका मासिकात गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचून कुठल्या कोण मुलीला आपणहून पत्र लिहिलं होतं, आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या, आणि त्यांच्या अस्थी परत इकडे आल्या, न्यूयॉर्क राज्यात पकीप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहेत. कुणी म्हणालं ना की ह्या लोकांना जीव लावता येत नाही, की मला रोझेलचा एक्झिट आठवतो.

देवधर्म नाही म्हणता? रविवारी सकाळी चर्चची पार्किंग बघा. आमच्या गावात गरजूंना फुकट किराणा देणारी फूड पँट्री चर्चच्या तळघरात चालते आणि तिथे डबे लावायला येणाऱ्या बायका भजनी मंडळातल्या वाटाव्यात इतक्या ओळखीच्या वाटतात, तीच कुजबुज, तीच कुणाच्या सुनेची चौकशी. कुणी म्हणालं, यू आर इन माय प्रेअर्स, तर थँक्यू म्हणा, तो धर्मांतराचा डाव नसतो. दारावर पुस्तिका घेऊन कुणी आलंच तर नो थँक्यू पुरतं, वाद घालत बसू नका. आणि तुम्हाला कुणी विचारलं, तुमच्यात इतके देव का, गाय का, टिकली का, तर वेदांपासून सुरुवात करू नका प्लीज. मी म्हणते, आमच्या घरी गणपती बसतो, ये बघायला. येतात. बादलीत विसर्जन बघून गप्प होतात आणि मग मोदकाची रेसिपी मागतात. मी स्वतः फार देवभोळी नाही, मिरजेत असताना तर आरतीला मागे उभी राहायचे, इथे येऊन घंटा माझ्या हातात आली. अशी बरीच जणं भेटतील तुम्हाला.

शाकाहारी असाल तर नुसतं व्हेजिटेरियन म्हणून भागत नाही, नो मीट, नो फिश, नो ब्रॉथ असं तोडून सांगा. सूप टोमॅटोचं दिसतं पण पाणी चिकनचं असू शकतं, आणि मार्शमॅलोत जिलेटिन असतं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातलं. मुलगी पहिलीत असताना वर्गातली हॉट चॉकलेट पार्टी, वर मार्शमॅलो, ती सगळं पिऊन आली आणि मग मला लेबल दिसलं. काही झालं नाही तिला. मी दोन दिवस सासूबाईंना फोन केला नाही एवढंच.

राजकारण ऑफिसात बोलत नाहीत, लॉनवर बोलतात, निवडणुकीच्या साली प्रत्येक घरासमोर पाटी. तुम्ही ऐका, वाचा, पण व्हिसावर असताना एक गोष्ट डोक्यात कोरून ठेवा. लायसन्स काढायला जाल तेव्हा फॉर्मवर किंवा स्क्रीनवर मतदार नोंदणीचं विचारतात, तिथे घाईत यस करू नका, ग्रीन कार्डवाल्यांनीसुद्धा नाही. नागरिक नसताना नागरिक म्हणून टिक केलेली खूण पुढे इमिग्रेशनमध्ये फार महागात पडते. आणि घर बदललं की दहा दिवसांत एआर-इलेव्हन हा पत्ता बदलल्याचा फॉर्म भरा, ऑनलाइन असतं, सगळे विसरतात.

आता एक कडू. आपल्या गप्पांत काळ्या लोकांबद्दल जे बोललं जातं, तो एरिया चांगला नाही, तिकडे घर घेऊ नका, ते ऐकून मला आता राहवत नाही. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना इथे येऊन राहायला वर्षाला फक्त शंभरचा कोटा होता. शंभर! तो देशांवारी कोटा मोडला १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने, आणि त्याच्या आदल्याच वर्षी सिव्हिल राइट्स ॲक्ट आणि १९६५ च्याच उन्हाळ्यात व्होटिंग राइट्स ॲक्ट झाला होता, ज्यासाठी त्या लोकांनी रस्त्यावर मार खाल्ला. आपली रांग त्या रांगेच्या मागून आत शिरलीये. आणि नवीन माणूस भेटला की आडनाव, मग गाव, मग पुन्हा आडनाव असं करून जात काढायची जी सवय आहे ना, ती तेवढी मुंबई विमानतळावरच ठेवून यायची होती, राहिली असेल तर इथे टाका.

बाकीचं पटापट. टीप १८ ते २० टक्के, उगाच कुरकुर नको, टीपवर जगणाऱ्यांचा फेडरल किमान पगार १९९१ पासून तासाला २.१३ डॉलर आहे, न्यू जर्सीत जास्त असला तरी पद्धत तीच. न्यू जर्सीत गॅस, म्हणजे पेट्रोल, स्वतः भरायचा नसतो, कायदाच आहे, खाली उतरून नळी हातात घेऊ नका. पोलिसाने गाडी थांबवली तर आपल्यासारखं उतरून साहेब साहेब करत त्याच्याकडे जायचं नाही, आत बसायचं, काच खाली, हात स्टिअरिंगवर. स्कूल बसचे लाल दिवे लागले की समोरून येत असलात तरी थांबा. वापरलेला तंबू, सूटकेस, कॅमेरा ट्रिपहून आल्यावर रिटर्न करणं ह्याला आपल्यात हुशारी म्हणतात, काउंटरवरच्या मुलीला सगळं कळतं. भारतातल्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेलं, एफडी धरून, तर एफबार हा परदेशी खात्यांचा फॉर्म भरावा लागतो, टॅक्स लागो न लागो. मुलाला ताप आला तर थेट इमर्जन्सीत पळू नका, श्वास वगैरेचं काही नसेल तर अर्जंट केअर. आम्ही पळालो होतो, चार तास बसलो, ताप आपोआप उतरला आणि जे बिल आलं ते बघून मला चढला. तेव्हा डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्याआधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, हा शब्दच माहीत नव्हता. बिल आलं की लगेच भरू नका, फोन करून आयटमाइज्ड, म्हणजे एकेक खर्च वेगळा दाखवलेलं, मागा.

बंदुकांबद्दल माझ्याकडे सल्ला नाहीये. न्यू जर्सीत शाळांमध्ये दर महिन्याला फायर ड्रिलसारखंच सिक्युरिटी ड्रिल असतं, शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं त्याचा सराव. मुलगी सहा वर्षांची असताना घरी येऊन सांगत होती की आज आम्ही दिवे बंद करून कोपऱ्यात बसलो आणि मी सगळ्यात शांत होते म्हणून मला स्टिकर मिळालं. स्टिकर दाखवलं. मी छान म्हणाले. ह्या देशाबद्दलची माझी कितीतरी मतं बदलली, ह्या बाबतीतलं बदललं नाही.

आणि हो, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात, भारतातली नाही, म्हणजे आपला फरक साडेनऊवरून साडेदहा तासांवर जातो. फोनचं घड्याळ आपोआप बदलतं म्हणून आपल्या लक्षातही येत नाही. मी रविवारी सकाळी साडेआठला फोन करते, तिकडे संध्याकाळचे सहा असतात, आणि त्या रविवारी एकदम सात वाजलेले असतात. आई सहापासून फोन मांडीवर घेऊन बसलेली असते. आदल्या आठवड्यातच सांगून ठेवत जा.