सांगलीतल्या पेढीसाठी एस्पोसीआरएम: उबंटू सर्व्हरवर कसं बसवायचं

हळद-बेदाण्याच्या पेढीवर नमुना कोणाला गेला, कोणाचा दर ठरायचा राहिला, हे दिवाणजींच्या वहीत आणि तीन-चार मोबाईलमध्ये विखुरलेलं असतं. ते एका जागी आणायला एस्पोसीआरएम हे गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवणारं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर उत्तम. पाच-सात माणसांना दोन जीबी रॅमचा सर्व्हर पुरतो.

मशीन कार्यालयातच ठेवणार असाल तर २०१९ आणि २०२१ चा पूर आठवून तळमजला टाळा. शिवाय अनेक ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी मिळत नाही. मग फिरतीवरच्या माणसाला सर्व्हर उघडतच नाही. स्टॅटिक आयपी मागून घ्या किंवा भाड्याचा व्हीपीएस (इंटरनेटवरचा आभासी सर्व्हर) घ्या. आमच्या मते बहुतेक पेढ्यांना व्हीपीएसच सोयीचा.

उबंटू २४.०४ घ्या. त्यात पीएचपी ८.३ (एस्पो जिच्यावर चालतं ती भाषा) आणि मारियाडीबी १०.११ (डेटाबेस) आयतेच मिळतात. फायरवॉल चालू करण्याआधी एसएसएचला (दुरून सर्व्हरवर शिरण्याच्या वाटेला) परवानगी द्या, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल. नंतर ८० आणि ४४३ हे पोर्ट उघडा. एपीटीने (उबंटूच्या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या कमांडने) अपाची हा वेब सर्व्हर, मारियाडीबी आणि पीएचपी बसवा. पीएचपीची मायएसक्यूएल, जीडी, झिप, एमबीस्ट्रिंग, कर्ल, एक्सएमएल आणि बीसीमॅथ ही एक्स्टेन्शन्सही लागतात.

डेटाबेस यूटीएफ८एमबी४ या अक्षरसंचातच तयार करा आणि त्याच्यापुरता वेगळा युजर काढा. उबंटूवर मारियाडीबीचा रूट युजर पासवर्डने नव्हे, सिस्टीमच्या ओळखीने आत जातो. म्हणून इन्स्टॉलरमध्ये रूट टाकलं की ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं.

पीएचपीच्या ‘आयएनआय’ फाइलमध्ये मेमरी मर्यादा २५६ एमबी, अपलोड आणि पोस्टची ५० एमबी, चालण्याची वेळ १८० सेकंद ठेवा. ही फाइल दोन ठिकाणी असते, सीएलआयची (कमांड लाइनची) वेगळी आणि अपाचीची वेगळी. बदल अपाचीच्या फाइलमध्ये करा आणि अपाची रीस्टार्ट करा. ‘बदललं तरी लागू होत नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा चुकीची फाइल असते.

एस्पोची झिप ‘व्हार’मधल्या ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ फोल्डरमध्ये सोडवा आणि सगळ्याची मालकी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरला (अपाची ज्याच्या नावाने चालतो त्याला) द्या. परवानग्या फोल्डरना ७५५, फाइल्सना ६४४. परवानगीची चूक निघाली म्हणून सरसकट ७७७ देऊ नका. गिऱ्हाइकांची यादी त्यात आहे. अपाचीच्या सेटिंगमध्ये डॉक्युमेंट रूट (साइट जिथून उघडते ते फोल्डर) ‘पब्लिक’वर ठेवा आणि ‘क्लायंट’ फोल्डरसाठी एलियस (पर्यायी पत्ता) द्या. रीराइट मॉड्यूल चालू करून ‘अलाउ-ओव्हरराइड ऑल’ लिहा. हे राहिलं की इन्स्टॉलर एपीआय सापडत नाही म्हणून थांबतो.

डोमेनचा ए-रेकॉर्ड (नावाला आयपी जोडणारी नोंद) सर्व्हरकडे वळला की सर्टबॉट या साधनाने एचटीटीपीएस लावा, मग ब्राउझरमधून इन्स्टॉलर चालवा. वेळ एशिया-कोलकाता निवडा.

शेवटच्या पडद्यावर क्रॉनची (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीची) ओळ येते. घाईत नेमकी तीच राहते, आणि मग आपोआप जाणारे मेल जात नाहीत, आठवणी येत नाहीत. ती डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्याच क्रॉनटॅबमध्ये दर मिनिटाला चालेल अशी टाका. रूटच्या क्रॉनमध्ये टाकली तर कॅशेच्या फाइल्स रूटच्या मालकीच्या होतात आणि थोड्याच वेळात साइट अडते.

जुनी यादी एक्सेलमधून आणताना ‘यूटीएफ-८ सीएसव्ही’ म्हणून जतन करा, नाहीतर मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात. वाण (राजापुरी, सेलम), पोती, दर असे रकाने एस्पोच्या ‘एंटिटी मॅनेजर’मधून जोडता येतात. एक मर्यादा मात्र आहे: एस्पोतल्या डॉमपीडीएफ या पीडीएफ बनवणाऱ्या घटकाने काढलेल्या पीडीएफमध्ये जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट जुळत नाहीत. मराठी दरपत्रक मेलच्या मजकुरातच पाठवा.

रोज रात्री डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत (‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ पर्यायासह), आणि ‘डेटा’, ‘कस्टम’ व ‘क्लायंट’मधलं ‘कस्टम’ ही फोल्डर्स उचला. प्रत सांगलीबाहेरच्या सर्व्हरवर ठेवा. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. नवी आवृत्ती आली की आधी हीच प्रत घ्या, मगच अपग्रेडची कमांड द्या, तीही डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा म्हणूनच.