डोक्याला रेडिएशन चालू असताना गोळ्यांचा तक्ता कसा ठेवायचा

आईच्या फुप्फुसाचा कॅन्सर मेंदूत पोचला, तेव्हा पूर्ण डोक्याला दहा सिटिंग ठरली. रोज ३ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक), एकूण ३० ग्रे, शनिवार-रविवार सुट्टी. मशीनखाली जेमतेम पंधरा मिनिटं. उरलेला दिवस गोळ्यांचा, आणि तो घरच्यांनीच सांभाळायचा असतो.

पहिल्या दिवसाआधी एका कागदावर सगळ्या गोळ्या लिहा. बीपी-शुगरच्याही. प्रत्येकीपुढे तीन रकाने पाडा: रेडिएशनच्या आधी, चालू असताना, नंतर. रेडिएशनचे डॉक्टर वेगळे आणि कॅन्सरची औषधं देणारे वेगळे असले, की 'ते सांगतील' असं दोघांनाही वाटत राहतं. म्हणून तोच कागद दोघांपुढे ठेवा आणि रकाने त्यांच्याकडूनच भरून घ्या.

कॅन्सरच्या गोळीबद्दल तर विचाराच. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ओसिमर्टिनिबसारखी काही औषधं मेंदूपर्यंत पोचतात. त्यांच्या भरवशावर कधीकधी रेडिएशनच पुढे ढकलतात. उलट मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) बीआरएएफ गटातल्या गोळ्या रेडिएशनच्या आगेमागे काही दिवस थांबवतात, कारण त्वचा फार भाजते. हा निर्णय घरी घ्यायचा नाही, पण प्रश्न घरूनच न्यायचा.

आता स्टिरॉइड. मेंदूवरची सूज उतरवायला डेक्सामेथासोन देतात. चिठ्ठीवर 'दिवसातून दोनदा' होतं, म्हणून मी शहाण्यासारखी सकाळी नऊ आणि रात्री नऊ अशी वेळ बांधली. चौथ्या रात्री तीन वाजता उठून बघते तर आई कपाट रिकामं करून कपड्यांच्या घड्या घालत बसलेली, आणि चेहरा टवटवीत! सकाळी नर्सने एका वाक्यात उलगडा केला: दुसरी गोळी दुपारीच द्यायची, ही गोळी झोप उडवते. तुमच्या चिठ्ठीवरही वेळ लिहून घ्या. गोळी काही खाल्ल्यावरच द्या, पोटासाठी वेगळी गोळी लागते का ते विचारा. शुगर मोजत राहा. आईची दोनच दिवसांत चढली. जिभेवर पांढरे चट्टे दिसले किंवा खुर्चीतून उठताना हात टेकावा लागला, तर तारीख टाकून नोंद करा आणि सांगा. आणि बरं वाटतंय म्हणून हे औषध एकदम कधीही बंद करू नका. ते पायरीपायरीने उतरवतात. कुठल्या तारखेला किती, हे डॉक्टरांच्या हातून लिहून घ्या.

फिटची गोळी सगळ्यांना लागत नाही. आईला एक फिट येऊन गेली होती, म्हणून लेव्हेटिरासिटाम चालू होतं. त्याने माणूस चिडचिडा होऊ शकतो. मी आठवडाभर समजत होते की ती माझ्यावरच रागावलीय. आधीपासून फेनिटॉइन चालू असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा: ते कॅन्सरच्या काही गोळ्यांचा जोर कमी करतं, आणि डोक्याच्या रेडिएशनबरोबर क्वचित अंगावर गंभीर पुरळही उठतं.

पूर्ण डोक्याला रेडिएशन असेल तर मेमँटिन देणार का, हेही विचारा. स्मरणशक्तीची घसरण थोडी लांबवण्यासाठी ते रेडिएशनबरोबर सुरू करतात, आठवड्या-आठवड्याने वाढवतात आणि साधारण सहा महिने देतात. मुळात ते स्मृतिभ्रंशाचं औषध. नात्यातल्या एका उत्साही माणसाने नाव शोधून 'आईला काही आठवत नाही का गं आता?' असा फोन केला. तयारी ठेवा.

सिटिंगच्या वेळी चेहऱ्यावर जाळीचा मास्क घट्ट बसवतात; आईच्या कपाळावर त्याचे चौकोन तासभर दिसायचे. मास्कमध्ये उलटी झाली तर पंचाईत, म्हणून उलटीची गोळी किती आधी द्यायची ते विचारून ठेवा. स्टिरॉइडने चेहरा सुजून मास्क रुतायला लागला, तर टेक्निशियनला लगेच सांगा.

फिट, न थांबणारी उलटी, वाढती गुंगी, अचानक हातापायातली ताकद जाणं किंवा ताप, यातलं काही झालं तर पुढच्या सिटिंगची वाट बघू नका.

दहा सिटिंग संपली तरी कागद फाडू नका. काही महिन्यांनी आईच्या स्कॅनमध्ये एक डाग मोठा दिसला. तो आजार असतो किंवा रेडिएशनचाच उशिरा झालेला परिणाम. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, 'स्टिरॉइड कधी थांबवलं?' मी पर्समधून चौघडी घातलेला तक्ता काढून त्यांच्यापुढे ठेवला.