झड लागली की घोडा कुंपण खातो, आधी रात्रीची गव्हाण बघा

मंडळी, झड लागून चार दिवस झाले की एकच तक्रार सगळीकडून यायला लागते, घोड्याने कुंपणाच्या फळ्या खायला घेतल्या, वरची कड बोटभर आत गेली, खांब कुरतडून बारीक झाला, आणि पुढचा प्रश्न ठरलेला, "काय लावू म्हणजे चावणार नाही?" मी आधी उलट विचारतो, काल रात्री नऊ वाजता गव्हाणीत काय होतं? बहुतेकांना सांगता येत नाही कारण रात्री नऊला तिकडे कोणी गेलेलंच नसतं. संध्याकाळी सहाला वैरण टाकली, आठ-साडेआठला घोड्याने ती संपवली, आणि मग सकाळी सहापर्यंत नऊ-दहा तास तोंडासमोर फक्त लाकूड. माझ्या बघण्यात कुंपणं गेली, झाडं गेली, पोटशूळ होऊन चांगली जनावरं गेली, आणि दहातल्या सात-आठ ठिकाणी मुळाशी हीच रिकामी गव्हाण होती.

घोड्याचं पोट गाई-म्हशीसारखं नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. गाय भराभर खाते आणि मग निवांत बसून रवंथ करते, घोड्याला ती सोय नाही. मोकळ्या कुरणात घोडा दिवसाचे १६ ते १८ तास चरतो, थोडं थोडं पण सतत. त्याचं जठर लहान, मोठ्या घोड्याचं सुद्धा ८ ते १५ लिटरचं, आणि त्यात आम्ल २४ तास झिरपत असतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. त्या आम्लाला मारणारी लाळ मात्र फक्त चावताना सुटते. म्हणजे चावणं थांबलं की लाळ थांबली, आम्ल चालूच, जठराच्या वरच्या भागात जळजळ आणि पुढे व्रण. मग तो बिचारा जे समोर आहे ते चावतो, ती खोड नाही, त्याच्या परीने तो पोट सांभाळतोय. आणखी एक हिशोब बघा, एक किलो वाळलं गवत चावायला घोड्याला साधारण ४० मिनिटं लागतात, एक किलो दाण्याला जेमतेम १० मिनिटं. खुराक वाढवून वैरण कमी केली तर पोट भरतं पण तोंड रिकामं राहतं, आणि रिकामं तोंड फळीवर जातं.

आता पावसातच हे का वाढतं. एक तर ओलं लाकूड मऊ पडतं, दाताला लागतं. दुसरं, चिखलामुळं घोडा बाहेर सोडत नाहीत, दिवसभर एका जागी उभा, समोर कोणी जोडीदार नाही, करायला काही नाही. तिसरं म्हणजे भिजायच्या भीतीने वैरण मोजकी काढतात, आणि जी काढतात ती दमट असते म्हणजे वजनात जास्त भरते, काट्यावर पाच किलो दिसते पण त्यात पाणीच किती. थंडीतही चावणं वाढतं, पण थंडी अधिक ओल हे सगळ्यात वाईट. माझा आपला अनुभवाचा अंदाज असा की ज्या रात्री वारं सुटून पाऊस तिरपा येतो त्या रात्री जास्त चावलं जातं, कारण घोडा आडोशाच्या एकाच कोपऱ्यात उभा राहतो आणि त्याच कोपऱ्यातली फळी खातो, याला पुस्तकात आधार शोधू नका पण बघून ठेवा.

आणि एक गोष्ट ऐकून बरेच जण गोंधळतात, गुडघाभर हिरवं गवत असताना घोडा लाकूड का खातो? अहो, पहिल्या पावसाचं कोवळं गवत म्हणजे पाऊण हिस्सा पाणीच, काही वेळा त्याहून जास्त, त्यात काडी नाही, चोथा नाही. पोट गच्च दिसतं पण त्याला हवा असलेला चोथा मिळत नाही, म्हणून झाडाची साल आणि कुंपण. अशा दिवसात हिरव्यात सोडायच्या आधी दोन-तीन किलो वाळलं गवत पुढ्यात टाका, आठ-दहा दिवसात फरक दिसतो. सवय नसताना एकदम दिवसभर कोवळ्या गवतात सोडू नका, त्यात खूर धरण्याचा (खुराच्या आत सूज येऊन घोडा लंगडण्याचा) धोका वेगळाच, १५-२० मिनिटांपासून हळूहळू वाढवत न्या.

वैरण किती द्यायची ते अंदाजाने नको, मोजा. घोड्याचं वजन काढायला मापपट्टी पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्या, त्याला त्याच घेराने गुणा, मग खांद्याच्या टोकापासून मागे पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा, किलोत वजन आलं. घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर ३४४ किलोच्या आसपास, आपण ३५० धरू. आता वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा रोज, हे शास्त्रातलं माप आहे, दीडच्या खाली जायचंच नाही. ३५० किलोला सव्वापाच ते सात किलो कोरडा, म्हणजे वाळलेलं गवत सहा ते आठ किलो. हिरवं देत असाल तर चौपट-पाचपट लागतं हे धरून चाला. यातलं निम्म्याहून जास्त रात्रीसाठी राखून ठेवा. मी तर दहातले सहा भाग रात्रीला सांगतो, हे माप माझं आहे, पुस्तकातलं नाही, पण रात्र मोठी असते आणि तेव्हा कोणी बघत नसतं. दोन खाण्यांमध्ये चार-पाच तासांच्या वर खंड नको. झोपायच्या आधी एक फेरी मारा, बॅटरी घेऊन, पावसात सुद्धा, आणि गव्हाणीत हात घालून बघा.

लवकर संपवतो म्हणत असाल तर बारीक भोकांची जाळी वापरा, भोक तीन-चार सेंटीमीटरचं, त्यातून ओढून खायला वेळ लागतो आणि तीच वैरण दीडपट-दुप्पट वेळ पुरते. जाळी रिकामी झाली की खाली लोंबते, नाल मारलेल्या घोड्याचा पाय त्यात अडकतो, म्हणून ती उंची धरून बांधा. बुरशी आलेलं गवत मात्र "संपवायचंय" म्हणून अजिबात टाकू नका, खोकला आणि पोटशूळ दोन्ही त्यातूनच येतात, आणि भुकेला घोडा ते खातो म्हणून चांगलं आहे असं समजू नका.

बाकी रोजचं:
- मीठ: दर १०० किलो वजनाला ५ ते १० ग्रॅम, घाम येणाऱ्या घोड्याला जास्त. चाटायची वीट ठेवा, पावसात विरघळणार नाही अशा आडोशाला.
- पाणी: २५ ते ५० लिटर, स्वच्छ, सतत समोर.
- खुराक: एका वेळी वजनाच्या अर्धा टक्क्याच्या वर नाही (३५० किलोला पावणेदोन किलो).
- खाद्यातला कुठलाही बदल एकदम नाही, ७ ते १० दिवसात हळूहळू.
- दात: वर्षातून एकदा तपासणी, अडीच ते साडेचार वर्षाच्या घोड्याचे दात बदलत असतात तेव्हा जास्त लक्ष.
- जंत: लीद तपासून मगच औषध.
- रोज बाहेर काढणं, चिखल असला तरी चालवणं, दुसरा घोडा दिसेल असं बांधणं.

एक गोष्ट यादीत टाकून भागणार नाही म्हणून वेगळी लिहितो. गाईचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य घोड्याला देऊ नका, त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं, गाई-कोंबड्यांना ते चालतं पण घोड्याच्या हृदयाचे स्नायू मारतं आणि अगदी थोडंसं पुरतं. वैरण कमी पडली म्हणून शेजारच्या गोठ्यातलं पोतं उचलून आणायचा मोह याच दिवसात होतो.

आता दुकानाचं. घोडा लाकूड खातो म्हणालं की विक्रेता लगेच "कमी पडलंय काहीतरी" म्हणून मिनरलचा डबा, लिव्हर टॉनिक, पोटाची पावडर असं तीन-चार वस्तूंचं बिल हातात देतो. मिठाची किंवा खनिजाची कमी असू शकते, नाही असं नाही, फॉस्फरस कमी पडला तर जनावर नको ते चाटतं-चावतं हेही खरं. पण आधी पोटभर चोथा, मग मीठ, आणि हे दोन्ही महिनाभर नीट करूनही चावणं चालू असेल तर डॉक्टरला दाखवून मग डबा. एका ओळखीच्याने दोन महिने पावडर चारली आणि फळ्या दोनदा बदलल्या, वैरण मात्र तेवढीच, साडेआठला संपणारी. रात्रीची वैरण वाढवल्यावर पंधरवड्यात चावणं बरंचसं कमी झालं. ते पैसे गवतात गेले असते तर वर्षाची सोय झाली असती, आणि मला याचा अजून राग येतो.

कुंपणाला काय लावायचं ते आता, पण हे दुसरं काम आहे, पहिलं नाही. तिखटाचं पाणी किंवा कडू फवारा पावसात धुऊन जातो, एका सरीत सगळं साफ, त्यामुळं या दिवसात त्यावर खर्च करू नका. स्पर्धेत उतरणाऱ्या घोड्याजवळ तर मिरची नकोच, त्यातलं कॅप्सेसिन स्पर्धेच्या तपासणीत पकडलं जातं. जुनं इंजिन ऑइल फासणारे बरेच आहेत, ते विष आहे, चाटलं जातं, कातडीला लागतं, बंद करा. डांबरी तेल तेच. वाळवीचं औषध मारलेलं लाकूड, विशेषतः हिरवट झाक असलेलं जुनं, त्यात आर्सेनिक असू शकतं, चावणाऱ्या घोड्याच्या तोंडासमोर ते नको. जुन्या रंगात शिसं असू शकतं हेही लक्षात घ्या.

टिकतं ते हे: वरच्या फळीच्या कडेवर पत्र्याची एल आकाराची पट्टी, धार घासून बोथट केलेली, खिळ्याचं डोकं आत बसवलेलं. किंवा वरच्या फळीच्या आतल्या बाजूने १५-२० सेंटीमीटर पुढे करंटची तार, पण कुंपणासाठी बनवलेल्या झटका मशीनवरच, घरातली लाईन थेट कधीही जोडायची नाही, माणूस मरतो त्याने. काटेरी तार घोड्याला नको, बिथरला की पाय फाडून घेतो. कुरणातल्या झाडांना बुंध्याभोवती जाळी गुंडाळा, साल सगळ्या बाजूने गेली की झाड वाळतंच. चावायला फांद्या टाकणारे असतात, झाड नक्की ओळखता येत नसेल तर टाकू नका, आणि कण्हेर तर वाळलेली सुद्धा जीव घेते, कुंपणाजवळ असेल तर मुळासकट काढा.

आणि हो, लाकूड खाणं आणि वारा ओढणं यात गल्लत करू नका. एक घोडा फळी खरंच चावतो, ढलप्या पडतात, काही गिळतो. दुसरा फक्त पुढचे वरचे दात कडेवर टेकवतो, मान ताणतो आणि घशातून हुंकार काढत हवा आत घेतो, त्याचे पुढचे दात घासलेले दिसतात. ही बहुधा शिंगराचं दूध तोडायच्या सुमारास लागलेली सवय असते, ती पत्र्याने जात नाही, गळपट्टा आवळला तरी आतली ओढ राहतेच, मारून तर अजून वाढते. अशा घोड्याला वैरण, मोकळीक आणि जोडीदार जास्त लागतात, आणि पोटशूळाकडे डोळ्यात तेल घालून बघावं लागतं.

डॉक्टरला उशीर न करता बोलवा:
- कुशीकडे वळून बघतो, पाय आपटतो, लोळतो, लीद नाही
- तोंडातून लाळ, वास, एकाच बाजूने चावणं
- नाकातून चारा-पाणी येणं
- खुराक सोडतो, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) कसताना चावायला येतो, अंगाची चमक गेली (व्रणाची शंका)

उद्यापासून एवढं करा, संध्याकाळी मोबाईलवर प्रत्येक फळीचा एकाच जागेवरून फोटो काढा आणि सकाळी परत काढा. ओल्या काळ्या लाकडावर ताजा चावा पांढरट उठून दिसतो. वैरण वाढवल्यापासून १५ दिवस हे चालू ठेवा, सोबत रात्री नऊ आणि पहाटे पाचला गव्हाणीत किती उरलं ते लिहून ठेवा. पहाटे मूठभर तरी उरलेलं असेल आणि तरीही नवे पांढरे डाग पडत असतील, तर मग दात आणि जठर दोन्ही तपासून घ्या, आणि जाताना ते फोटो डॉक्टरला दाखवा.