परभाषेतला विनोदी सिनेमा अंगणात कसा दाखवावा

आमच्या वाड्यात तीन भाषा चालतात. वरच्या मजल्यावरच्या अक्का तेलुगू, समोरचे किराणावाले कन्नड, आम्ही मराठी. सोलापूरच्या पूर्व भागात याचं कुणाला नवल नाही. इंग्रजी मात्र सिनेमा समजण्याइतकी कुणालाच येत नाही. तरी दर मे महिन्यात एका रात्री मी ‘अ स्टिच इन टाइम’ हा १९६३ सालचा ब्रिटिश सिनेमा अंगणात लावते आणि माणसं पोट धरून हसतात. तुमच्याकडेही जमेल.

सगळ्यात आधी माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी मी माईक घेऊन प्रत्येक वाक्याचं मराठी करत बसले. लोक पडद्याऐवजी माझ्याकडे बघायला लागले. पडद्यावरचा माणूस आपटून उठायचा, पळून जायचा, आणि मग माझं वाक्य संपायचं. अर्ध्या बायका उठून गेल्या. बिचाऱ्या दिवसभर विड्या वळून आलेल्या, त्यांना बसवून ठेवण्यासारखं मी काहीच दिलं नव्हतं. तेव्हापासून घसरणं, धडकणं, दचकणं यांतलं काहीही मी बोलून दाखवत नाही. ते डोळ्यांनी कळतं. या सिनेमाचा नायक नॉर्मन विस्डम. त्याचे सिनेमे अल्बानियात कम्युनिस्ट हुकूमशहा एन्वर होजाच्या राजवटीतसुद्धा चालायचे. बाहेरचं फार थोडं जिथं पोचायचं, तिथले लोक त्याला त्याच्या पात्राच्या नावानं, पिटकिन म्हणून ओळखायचे.

मी आता चारच ठिकाणी बोलते. नॉर्मन पिटकिन हा मटणाच्या दुकानातला शिकाऊ पोरगा, आणि ग्रिम्सडेल त्याचे मालक. दुकानात चोर शिरतो तेव्हा घड्याळ वाचवायला ते मालकांच्या तोंडात जातं आणि मालक ते गिळतात, मग त्यांना रुग्णालयात न्यावं लागतं. इथं मी एवढंच म्हणते, ‘सोन्याचं घड्याळ आहे बरं का.’ दुसरी जागा लिंडीची, म्हणजे रुग्णालयातल्या छोट्या मुलीची. तिसरी, रुग्णालयातले बडे साहेब सर हेक्टर नॉर्मनला रुग्णालयात यायची बंदी करतात तिथं. चौथी, मालक आणि नॉर्मन सेंट जॉन अँब्युलन्सच्या पथकात जातात तिथं. हे प्रथमोपचार करणारे गणवेशातले स्वयंसेवक. आपल्या देशातही ही संस्था आहे. बोलायचं ते पाच-सहा शब्दांत आणि प्रसंगाच्या आधी. नंतर सांगितलेला विनोद गार भाकरीसारखा लागतो. माझं वाक्य झालं की अक्का तेच तेलुगूत म्हणतात, म्हणून तेवढी सवड ठेवायची.

सुरुवातीला पाच मिनिटं मात्र हक्कानं घ्या. मी ३१ वर्षं वॉर्डात काढली, त्यामुळे हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे पांढऱ्या कपड्यातली प्रत्येक बाई सिस्टर. तिकडे त्या काळी सिस्टर म्हणजे वॉर्डाची प्रमुख, आणि सगळ्या नर्सांच्या वर मेट्रन. लांबलचक खोली, दोन्ही भिंतींना ओळीनं खाटा, भेटायला यायची वेळ ठरलेली. आम्ही शिकत होतो तेव्हा मेट्रनबाई फेरीला आल्या की चादरीचा दुमडलेला कोपरा बोटानं ओढून बघायच्या. सुटला तर पलंग पुन्हा घालायचा. ही शिस्त आधी मनात बसली पाहिजे. मग असल्या ठिकाणी मटणाच्या दुकानातला पोरगा शिरला, पुढे तर नर्सचा वेश करून शिरला, की काय होणार ते लोकांना आपोआप समजतं. मेट्रन म्हणजे काय हे सांगितलं नव्हतं त्या वर्षी हसू उशिरा सुरू झालं होतं.

नावाचा अर्थही सांगून टाका. ही एका इंग्रजी म्हणीची अर्धी बाजू आहे: वेळेवर एक टाका घातला तर पुढचे नऊ वाचतात. विणकरांच्या गावात याला फार समजावावं लागत नाही.

आता सामान. पडद्याला साधी पांढरी डबलबेडची चादर चारी बाजूंनी ताणून बांधा, सैल राहिली तर वाऱ्यानं माणसं वाकडी दिसतात. सोलापुरी चादरी खाली बसायला. मे महिन्यात उजेड सातनंतरही रेंगाळतो, म्हणून आठच्या आधी सुरू करू नका. भिंतीसुद्धा तोवर तापलेल्या असतात, पाण्याची घागर जवळ ठेवा. मागच्या कारखान्याचे माग चालू असतील तर तो दिवस सोडा, कारण खटखटीत सगळं बुडतं. चित्र चादरभर व्हावं म्हणून झूम मुळीच करू नका. अशा सिनेमात माणूस डोक्यापासून बुटापर्यंत दिसावा लागतो. पाय कापले गेले की घसरणं गेलं. माझ्या मुलानं डीव्हीडी इंग्लंडहून आणली तेव्हा ती आमच्या प्लेअरवर चालेना. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेत, तिकडची विभाग २ ची असते, आपले प्लेअर विभाग ५ चे. आधी घरी लावून बघा.

लिंडीबद्दल वेगळं सांगते. विमान अपघातात आईवडील गेल्यापासून ही मुलगी बोललेली नाही. अपघातानंतर गप्प झालेलं लेकरू मी वॉर्डात पाहिलंय. हात धरून बसण्याखेरीज तेव्हा काही सुचत नाही. म्हणून इथं मी एकच वाक्य सांगते, ‘हिचे आईबाप गेलेत,’ आणि माईक बंद करते. मुलं आपोआप शांत होतात. ज्या घरात नुकतंच कुणी गेलं असेल त्या घरी आदल्या दिवशी जाऊन हे सांगून ठेवा. यायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील. त्यांना अंगणात अचानक धक्का बसू देऊ नका.

चहा द्यायचा तो नॉर्मन पथकात भरती व्हायच्या आधी. एकदा धावपळ सुरू झाली की थांबवू नका.

आणि पोटाचं ऑपरेशन झालेलं कुणी येणार असेल तर त्यांना भिंतीला टेकून बसवा आणि हातात उशी द्या. हसू किंवा खोकला आला की उशी टाक्यांवर दोन्ही हातांनी घट्ट धरायची, ओढ कमी बसते. ज्यांच्या डॉक्टरांनी अजून बसायची परवानगी दिलेली नाही त्यांना पुढच्या वर्षी बोलवा. गेल्या मेमध्ये किराणावाल्या अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन होऊन बरेच दिवस झाले होते, तरी घरचे सोडायला तयार नव्हते. मी स्वतः जाऊन आणलं. उशी छातीशी नको, पोटाशी, असं दोनदा सांगावं लागलं. शेवटपर्यंत बसले, आणि सगळे चादरी गुंडाळत होते तेव्हा म्हणाले, ‘सिस्टर, ते घड्याळाचं परत एकदा लावा.’