डोळा की डोया? बी.ए.चा बोली-प्रकल्प कसा करावा

'वऱ्हाडी बोली : एक अभ्यास' हे ग्रंथाचं नाव झालं, प्रकल्पाचा प्रश्न नव्हे. एका सत्रात हातावेगळा होणारा प्रश्न एखाद्या ध्वनीएवढा असतो. वऱ्हाडीत 'ळ'च्या जागी 'य' येतो : डोया, केयी, काया. मग प्रश्न असा बांधा : एका गावातल्या तीन पिढ्यांत हा 'य' किती टिकलाय आणि कोणत्या शब्दांत? 'शाळा' हा पुस्तकातून रुळणारा शब्द 'डोळ्या'च्या आधी प्रमाण उच्चाराकडे वळतो का, एवढं तपासलं तरी प्रकल्प उभा राहतो.

वाचनाला दोन आठवडे पुरेत. जॉर्ज ग्रिअर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड (१९०५) मराठीचा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केलेलं मराठी बोलींचं सर्वेक्षणही पाहा. टिपण काढताना पृष्ठ क्रमांक तिथल्या तिथे लिहा. शेवटच्या आठवड्यात तो शोधत बसणं म्हणजे शिक्षाच.

माणसं १२ घ्या : १८–२५, ४०–५५ आणि ६५च्या पुढे, प्रत्येक गटात दोन बाया, दोन पुरुष. सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. आजी, आई, नात एकाच घरात सापडल्या की काम सोपं वाटतं. पण आजी आणि आई दोघीही बहुधा लग्न होऊन आलेल्या, त्यांची बोली माहेरची. म्हणून पहिला प्रश्न 'माहेर कुठलं?' हाच. शिक्षणही नोंदवा, नाहीतर वयाचा परिणाम कुठला नि शाळेचा कुठला हे सांगता येणार नाही.

'डोळ्याला काय म्हणता?' असं विचारू नका. तुमच्या तोंडून 'ळ' गेला की समोरचा तोच परत देतो. चित्रं दाखवा : डोळा, केळी, शाळा, फळा, मुळा, माळ, जाळं, आभाळ, नळ, गोळी. मध्ये 'ळ' नसलेली दहा चित्रं मिसळा, म्हणजे तुम्ही काय शोधताय हे कळत नाही. त्यानंतर दहा मिनिटं मोकळं बोलणं. 'बैलांचा सण कसा करता?' एवढंच विचारा. 'पोळा' की 'पोया' ते त्यांना म्हणू द्या.

परवानगी आधी घ्या आणि ती रेकॉर्डही करा. नावाऐवजी संकेत वापरा (स्त्री-३-०२, म्हणजे तिसऱ्या वयोगटातली दुसरी स्त्री). फोन विमान मोडवर, पंखा बंद, अंतर वीतभर, फाइल वॅव्ह (WAV, आवाज न दाबणाऱ्या) स्वरूपात. व्हॉट्सॲपवरून व्हॉइस नोट मागवू नका; तिथे आवाज दाबला जातो आणि 'ळ'-'य'मधला फरक धूसर होतो. बाराजणांकडे जाण्यापूर्वी एकावर चाचणी घ्या. निदान दोन चित्रं तरी ओळखू येत नाहीत असं निघतंच.

'ळ'च्या १० चित्रांचे १२ जणांकडून १२० उच्चार होतात. एक्सेलमध्ये एका उच्चाराला एक ओळ : संकेत, वय, माहेर, शिक्षण, शब्द, उच्चार (ळ / य / इतर), फाइल, मिनिट-सेकंद. मोकळ्या बोलण्यातले उच्चार वेगळ्या पानावर. दोन्हींची बेरीज करू नका. चारजणांच्या गटात '७५ टक्के' लिहिणं हास्यास्पद दिसतं, 'चारपैकी तिघे' लिहा.

आठवड्याने, आधीच्या नोंदी झाकून, कुठलेही ३० उच्चार पुन्हा ऐका. तीन-चारपेक्षा जास्त ठिकाणी उत्तर बदललं तर 'इतर' म्हणजे नेमकं काय ते आधी ठरवा आणि सगळे १२० नव्याने नोंदवा.